गेन वाढवण्याआधी कपलिंग तपासा

सर्व्हो अक्ष थरथरू लागला की पहिला हात लॅपटॉपकडे जातो. माझं मत वेगळं आहे: आधी वीज बंद करा आणि पाना हातात घ्या. कपलिंगचा स्क्रू ढिला असेल, बेल्ट सैल पडला असेल किंवा बॉलस्क्रूत खेळ असेल, तर तो दोष पॅरामीटरमध्ये कितीही आकडे बदलले तरी जात नाही.

‘गेन जितका जास्त तितकी अचूकता जास्त’ हा समज अर्धाच खरा. प्रपोर्शनल गेन वाढवला की स्थानातली चूक घटते. पण मर्यादा ओलांडली की मोटर लक्ष्याच्या पुढे जाते, मागे येते, पुन्हा पुढे जाते आणि अक्ष गुणगुणू लागतो. इंटिग्रल उरलेली चूक साचवत जाऊन भरून काढतो, मात्र तो जास्त झाला तर साचलेला जोर लक्ष्य गाठल्यावरही ढकलत राहतो. डेरिव्हेटिव्ह झुलणं शमवतो, पण एन्कोडरच्या सिग्नलमधला बारीक गोंगाटही मोठा करतो. हे तीन आकडे ठरवण्याची झीग्लर आणि निकोल्स यांची 1942 सालची पद्धत अजून शिकवली जाते. तिचं उद्दिष्ट असतं, झुलण्याची प्रत्येक लाट आधीच्या लाटेच्या पावपट व्हावी. म्हणजे थोडं झुलणं ती गृहीतच धरते. कापणाऱ्या मशीनवर तेवढंही चालत नाही, जॉबवर खूण उमटते. ट्यूनिंग करताना आधी करंट, मग वेग, मग स्थान असं आतल्या लूपपासून बाहेर यावं.

ऑटो-ट्यूनिंगवरही आंधळा विश्वास नको. मोटर टेबलावर मोकळी फिरवून केलेलं ट्यूनिंग भार जोडल्यावर उपयोगाचं राहत नाही, कारण जडत्वच बदललेलं असतं.

‘बॉड रेट वाढवला की मोटर चपळ होते’ असंही ऐकायला मिळतं. मोटर सांभाळणारे लूप ड्राइव्हच्या आत, सेकंदाला हजारो वेळा चालतात. सीरियल केबलवरून फक्त आज्ञा आणि पॅरामीटर जातात. 9600 बॉडवर 11 बिटांचं एक अक्षर पोचायला सुमारे 1.15 मिलिसेकंद लागतात; बॉड रेट वाढवला की हा वेळ घटतो, तेवढाच फरक.

आरएस-485 ही सीरियल लाइन जोडताना तर प्रत्येक ड्राइव्हवर 120 ओहमचा रेझिस्टर लावलेला आढळतो. तो लाइनच्या दोन टोकांनाच हवा. मध्येही लावला तर सिग्नल दबतो. दोन वायरींनी भागतं हाही भ्रम आहे, संदर्भाची तिसरी वायर लागतेच. ए आणि बी ही नावं सगळे उत्पादक एकाच अर्थाने वापरत नाहीत, त्यामुळे संवाद होत नसेल तर त्या दोन वायरी अदलाबदल करून पाहा. पॅरिटी आणि स्टॉप बिटही जुळवा: मॉडबस या प्रोटोकॉलच्या नियमात सम पॅरिटी हा मूळ पर्याय आहे, पण पुष्कळ ड्राइव्ह कारखान्यातून पॅरिटीविना येतात.

एक विनंती. पीएलसीच्या प्रोग्रॅममधून दर फेरीला ड्राइव्हच्या कायमस्वरूपी मेमरीत पॅरामीटर लिहू नका. ती मेमरी ठरावीक वेळाच लिहिता येते, आणि ती मर्यादा संपली की बोर्डच बदलावा लागतो.