मुक्तस्रोत मोबाइल कार्यप्रणालींचे विखंडन

एकाच उगमातून निघालेल्या कार्यप्रणालीच्या परस्परांशी पूर्णपणे न जुळणाऱ्या अनेक आवृत्त्या एकाच काळी वापरात असणे, याला विखंडन म्हणतात. ही संज्ञा प्रामुख्याने अँड्रॉइडच्या संदर्भात वापरली जाते. विखंडनाचे एक प्रमुख कारण ड्रायव्हर हे आहे. कॅमेरा, पडदा, जीपीएस, वायफाय अशा प्रत्येक भागाला कार्यप्रणालीचे आदेश समजावून देणारा दुभाषा म्हणजे ड्रायव्हर.

कारणे

अँड्रॉइड लिनक्सच्या गाभ्यावर, म्हणजेच कर्नलवर, उभी आहे. या गाभ्याला जीपीएल परवाना लागू असल्याने फोनसोबत दिलेल्या गाभ्याचा स्रोत खुला करणे बंधनकारक ठरते. वरच्या थरांच्या अपाची परवान्यात अशी सक्ती नाही. चिप बनवणारी कंपनी गाभ्याची एक आवृत्ती निवडून तीत आपले ड्रायव्हर घालते आणि बराचसा भाग केवळ यंत्रभाषेतील बंद संचिकांच्या रूपात देते. फोन बनवणारी कंपनी त्यात आणखी भर घालते. मूळ गाभा पुढे सरकत राहतो, फोनमधला मात्र तेथेच थांबतो. चिपनिर्मात्याने पाठिंबा थांबवला की फोन धडधाकट असूनही त्याला नवी आवृत्ती देणे अतिशय कठीण होते.

याउलट ड्रायव्हर मूळ गाभ्यात स्वीकारला गेला, तर गाभ्यात अंतर्गत बदल करणाऱ्यालाच त्या बदलानुसार तो ड्रायव्हर सुधारावा लागतो. दहा वर्षांच्या जुन्या संगणकावरही आजचे लिनक्स बहुधा चालते, ते यामुळेच. हा स्वीकार सहज मिळत नाही. खुद्द अँड्रॉइडचे ड्रायव्हर देखभालीअभावी २०१० मध्ये २.६.३३ या आवृत्तीतून काढून टाकण्यात आले होते. ते २०१२ मध्ये ३.३ आवृत्तीत परतले.

मराठी वापरकर्ते आणि मराठवाडा

अँड्रॉइडमध्ये मराठीचा अधिकृत समावेश २०१४ च्या ५.० आवृत्तीत झाला. त्यामुळे ४.४ वरच अडकलेल्या स्वस्त फोनच्या मालकांना मूळ अँड्रॉइडचा मराठी पडदा मिळालाच नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी मुंबईच्या इंडस ओएसने २०१५ पासून मायक्रोमॅक्सच्या फोनवर मराठीसह भारतीय भाषा दिल्या. पण तीही अँड्रॉइडचीच आणखी एक शाखा होती. त्याआधी ऑगस्ट २०१४ मध्ये इंटेक्सने सुमारे दोन हजार रुपयांत फायरफॉक्स ओएसचा फोन आणला होता. त्या प्रणालीचा तळाचा थरही अँड्रॉइडसाठी लिहिलेल्या ड्रायव्हरवरच विसंबून होता. तिच्यातूनच पुढे जिओफोनवरील कायओएस निघाली.

लातूर व नांदेड या सोयाबीनच्या जिल्ह्यांत हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला सातबाऱ्यावरील पिकाची नोंद मोबाइलवरून, स्थाननिश्चितीसह छायाचित्र काढून करता येते. म्हणजे कॅमेरा आणि जीपीएस हे दोन्ही भाग ठीक चालले पाहिजेत, आणि अ‍ॅपला हवी ती आवृत्तीही फोनमध्ये असली पाहिजे. जुना फोन टाकून नवा घेणे, हा उपाय कोरडवाहू शेतकऱ्याला सुचवणे सोपे आहे, त्याला तो परवडणे वेगळे.

उपाययोजना

गुगलने २०१७ मध्ये ट्रेबल प्रकल्पाद्वारे चिपनिर्मात्याचा भाग उर्वरित अँड्रॉइडपासून वेगळा केला. पुढे सर्व उत्पादकांसाठी सामाईक गाभ्याची योजना आली. यामुळे नवी आवृत्ती देणे सुलभ झाले, तरी ड्रायव्हर बंदच राहिले. उबुंटू टच व सेलफिश यांनी लिबहायब्रिस हा पूल वापरून अँड्रॉइडचेच ड्रायव्हर चालवले. ही सोय आहे, सुटका नव्हे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या पोस्टमार्केटओएसचा मार्ग अधिक कष्टाचा आहे. फोनला दहा वर्षांचे आयुष्य मिळावे या उद्देशाने तिचे स्वयंसेवक शक्य तेथे मूळ गाभाच वापरतात. भारतात २०१८ मध्ये आलेला पोको एफ-१ हा स्नॅपड्रॅगन ८४५ चिपचा फोन अशा रीतीने मूळ गाभ्याच्या जवळ आणला गेला आहे. पडदा, स्पर्श आणि वायफाय यांना अशा प्रयत्नांत आधी यश येते. कॅमेरा बहुधा सर्वांत शेवटी चालू होतो.