‘पाणपक्षी’ आणि कोरडी जमीन : मणिबेलीच्या उतारावरील बदक-हंसपालन

‘पाणपक्षी’ या सामासिक शब्दात बदक आणि हंस हे दोन्ही पक्षी सहज सामावतात, आणि त्यामुळेच त्यांच्या पालनास तळे हवेच, असा समज रूढ झालेला दिसतो. वस्तुतः या दोन पक्ष्यांची नावे जितकी भिन्न कुळांतील, तितक्याच त्यांच्या गरजाही भिन्न आहेत. ‘हंस’ हा शब्द लॅटिन ‘आन्सेर’ व जर्मन ‘गान्स’ यांचा सगोत्र आहे. बदकासाठी संस्कृतात लॅटिन ‘आनास’शी नाते सांगणारा ‘आति’ हा शब्द होता. ऋग्वेदातील पुरूरवा-उर्वशी संवादसूक्तात तो आढळतो. परंतु अंगणातल्या पक्ष्यासाठी मराठीने तो स्वीकारला नाही. ‘बदक’ हा शब्द अरबी ‘बत्त’ला फारसी लघुत्वदर्शक ‘-अक’ प्रत्यय लागून झालेल्या ‘बतक’वरून आलेला आहे. हंसाचे मात्र काव्यात इतके कौतुक झाले की तो मुळात गवत चरणारा प्राणी आहे, याचेच विस्मरण झाले. नीर आणि क्षीर वेगळे करणाऱ्या या पक्ष्याचे खरे लक्ष कोवळ्या पात्याकडे असते.

सातपुड्यातील मणिबेलीच्या (तालुका अक्कलकुवा, जिल्हा नंदुरबार) संदर्भात हा भेद केवळ शाब्दिक राहत नाही. सरदार सरोवराच्या बुडिताचा फटका महाराष्ट्रात प्रथम ज्या गावांना बसला त्यांपैकी हे एक होय. १९९३ साली येथे पाणी शिरले, आणि २०१९ मध्ये जलाशय १३८.६८ मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरला. नदीकाठची सपाट, सुपीक जमीन पाण्याखाली गेली आणि मागे राहिलेल्यांच्या वाट्याला खडकाळ उतार आला. समोर अफाट पाणी आणि पायांखाली कोरडी जमीन, अशी ही विसंगत स्थिती आहे. अशा ठिकाणी पक्षिपालनाचा सल्ला देताना ‘पाणी आहे, म्हणून बदके पाळा’ हा तर्क पुरेसा नाही.

प्रथम हंसाचा विचार करू. तो रवंथ करीत नाही. वाळलेल्या, जून गवतातील तंतू त्याला फारसे पचत नाहीत. उतारावरचे गवत पावसाळ्यानंतर लवकरच पिवळे पडते. त्यानंतर हंसाला पोसायचे तर धान्य द्यावे लागते, म्हणजे माणसांच्या मक्याज्वारीत वाटेकरी निर्माण होतो. शिवाय हंसी वर्षातील ठराविक हंगामातच थोडी अंडी घालते. पहाऱ्यासाठी एखादी जोडी ठेवणे निराळे. परंतु उपजीविकेचे साधन म्हणून हंस येथे परवडणारा नाही, असेच म्हणावे लागेल.

बदक सर्वभक्षी आहे. किडे, गोगलगायी, शेवाळ, कोंडा, घरातले उष्टे यांवर त्याचा बराच निर्वाह होतो. पोहण्यावाचून त्याचे अडत नाही; अंडी घालण्यासही तळ्याची आवश्यकता नसते. मात्र चोच, नाकपुड्या व डोळे धुता येतील इतके खोल पाणी त्याला नित्य हवे. एक खोल घमेले पुरते. ते बदक क्षणात गढूळ करते, म्हणून पाणी रोज बदलावे लागते आणि भांड्याभोवतीचा चिखल खुराड्यापासून दूर ठेवावा लागतो. जेथे पाणी डोक्यावरून चढ चढून आणावे लागते, तेथे हे रोजचे हंडे कोणी वाहायचे, हा प्रश्न हिशेबात प्रथम धरला पाहिजे. तो सहसा शेवटी धरला जातो, कारण हंडा वाहणारी बाई हिशेब मांडायला बसलेली नसते. दक्षिण अमेरिकेतून आलेले मस्कव्ही बदक पाण्यावर कमी अवलंबून असते व स्वतः अंडी उबवते. त्याची उबवण सुमारे ३५ दिवसांची. खाकी कॅम्पबेल उत्तम संगोपनात वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते, पण सहसा खुडूक होत नाही. तिची अंडी गावठी खुडूक कोंबडीखाली ठेवता येतात. मात्र पिल्ले २१ नव्हे, २८ दिवसांनी निघतात. (पुढे ही पिल्ले पाणी दिसताच त्यात उतरतात आणि काठावरची कोंबडी कावरीबावरी होते, तो भाग निराळा.)

खाद्याबाबत एक धोका विशेष आहे. पावसाळी दमट हवेत मक्याला किंवा शेंगदाण्याच्या पेंडीला बुरशी धरली, तर तीत अफ्लाटॉक्सिन हे विष निर्माण होऊ शकते. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये अशाच पेंडीमुळे एक लाखाहून अधिक टर्की मेले. बदकाची पिल्ले या विषाला अत्यंत संवेदनशील असतात. कोंबडीने पचवलेला दाणा पिल्लाला मारक ठरू शकतो.

जलाशयात बदके सोडण्याचा मोह स्वाभाविक आहे, परंतु तेथे मगरींचे भय आहे, आणि त्याहून मोठे भय रोगाचे. भारतातील एच-५ एन-१ बर्ड फ्लूचा पहिला प्रादुर्भाव फेब्रुवारी २००६ मध्ये याच नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे नोंदला गेला. २०२१ मध्ये तेथे पुन्हा बर्ड फ्लू आला. बदक हा विषाणू अनेकदा स्वतः आजारी न पडता वाहते. हिवाळ्यात येणाऱ्या रानबदकांत मिसळून संध्याकाळी घरी परतलेले बदक कोंबड्यांच्या खुराड्यात शिरले, तर अडीअडचणीला विकायच्या त्या चार कोंबड्या, म्हणजे घरातली हाताशी असलेली रोकडच, एका आठवड्यात जाऊ शकते. म्हणून येथे बदके पाळायचीच झाली, तर ती मोजकी असावीत, उतारावरच बंदिस्त ठेवावीत आणि त्यांचे खुराडे कोंबड्यांपासून वेगळे असावे.