‘सुविन’ : अतिलांब धाग्याचा कापूस

कापसाचा तंतू म्हणजे सरकीच्या सालीवर वाढलेली एकच लांबट पेशी होय. तंतू जितका लांब, बारीक व मजबूत, तितके सूत तलम निघते. आपल्या देशी कापसाची झाडे काटक असली, तरी त्यांचा धागा सामान्यतः आखूड असतो. म्हणून तलम वस्त्रांसाठी भारताला परदेशी कापूस आणावा लागे.

ही उणीव भरून काढण्यासाठी कोइमतूर येथील शास्त्रज्ञांनी इजिप्शियन कापसातून निवडलेले ‘सुजाता’ आणि वेस्ट इंडीजमधील ‘सेंट व्हिन्सेंट’ या वाणांचा संकर केला. संकरासाठी कळी उमलण्याच्या आदल्या सायंकाळी तिच्यातील पुंकेसर काढून टाकतात आणि सकाळी दुसऱ्या वाणाचे पराग कुक्षीवर लावतात. पुढे प्रत्येक पिढीत उत्तम धाग्याची झाडे निवडत गेल्याने गुण स्थिर होतात. अशा परिश्रमांतून १९७४ मध्ये ‘सुविन’ हे वाण प्रसारित झाले. दोन्ही जनकांच्या नावांतील अक्षरे जोडून त्याचे नाव ठेवले गेले.

सुविनचा धागा अतिलांब व रेशमासारखा मऊ; परंतु पीक उशिरा हाती येते आणि उत्पादन कमी मिळते. त्यामुळे त्याचे क्षेत्र पुढे फार घटले. उत्तम धाग्याला योग्य भाव मिळाला, तरच शेतकरी असे वाण जोपासू शकतो.