चष्म्याचा निरोप घेण्यापूर्वी

चष्मा लावणाऱ्या माणसाला दिवसातून अनेकदा त्याच्या चष्म्याची आठवण होते. पावसाची सर आली की काचेवर थेंब साचतात, गरम चहाचा कप तोंडाजवळ नेला की काच धुरकट होते, गर्दीच्या लोकलमध्ये धक्का लागला की पहिला हात चष्म्याकडे जातो. सकाळी डोळे उघडताच उशाशी चाचपडून चष्मा शोधणे हा तर नित्याचाच भाग. कॉन्टॅक्ट लेन्समुळे यातील बरीचशी अडचण दूर होते. पण त्या रोज घालणे-काढणे, स्वच्छ ठेवणे आणि झोपण्यापूर्वी आठवणीने काढून ठेवणे सर्वांनाच जमते असे नाही.

साहजिकच, लेसरच्या साहाय्याने चष्म्याचा नंबर घालवता येतो हे कळल्यावर अनेकांची पावले नेत्रतज्ज्ञांकडे वळतात. त्यात लग्न ठरलेल्या मुली असतात, नोकरभरतीच्या तयारीत असलेले तरुण असतात, खेळाडू असतात आणि चष्म्याला निव्वळ कंटाळलेली मंडळीही असतात. खर्च किती येईल, दुखेल का आणि किती दिवस रजा घ्यावी लागेल, हे त्यांचे पहिले तीन प्रश्न. ‘माझा डोळा या शस्त्रक्रियेसाठी योग्य आहे का?’ हा प्रश्न मात्र फार थोडे जण विचारतात. वास्तविक या शस्त्रक्रियेचे यश सर्वाधिक अवलंबून असते ते याच प्रश्नाच्या उत्तरावर.

नंबर म्हणजे काय?

डोळ्याच्या अगदी पुढच्या बाजूला घड्याळाच्या काचेसारखा एक पारदर्शक, बाकदार पडदा असतो. त्याला पारपटल किंवा कॉर्निया म्हणतात. बाहेरून येणारे प्रकाशकिरण वळवण्याचे सुमारे दोन तृतीयांश काम हे पारपटल करते आणि उरलेले काम त्यामागचे नैसर्गिक भिंग करते. हे किरण डोळ्याच्या मागील पडद्यावर, म्हणजे दृष्टिपटलावर, नेमके एकत्र आले की चित्र स्पष्ट दिसते.

नेत्रगोल प्रमाणापेक्षा लांब असेल तर किरण पडद्याच्या अलीकडेच एकत्र येतात व दूरचे अंधूक दिसते. हा ‘मायनस’ नंबर. नेत्रगोल आखूड असेल तर ‘प्लस’ नंबर येतो. पारपटलाचा बाक सर्व दिशांना सारखा नसेल तर ‘सिलिंड्रिकल’ नंबर लागतो. चष्मा अथवा कॉन्टॅक्ट लेन्स किरणांची दिशा डोळ्याबाहेरच बदलते, तर लेसर शस्त्रक्रियेत खुद्द पारपटलाचाच आकार बदलला जातो. मायनस नंबर असल्यास पारपटलाचा मध्यभाग किंचित सपाट केला जातो, तर प्लस नंबर असल्यास कडेचा भाग कमी करून मध्यभागाचा बाक वाढवला जातो.

टर्की पक्ष्यापासून डोळ्यापर्यंत

पारपटलाचा आकार बदलून नंबर घालवण्याची कल्पना लेसरपेक्षा जुनी आहे. कोलंबियातील नेत्रशल्यविशारद होजे बाराकेर यांनी १९४९ पासून त्या दिशेने प्रयोग केले. पुढे १९७० च्या दशकात मॉस्को येथे स्व्यातोस्लाव फ्योदोरोव यांनी पारपटलावर चाकाच्या आऱ्यांसारखे छेद घेण्याची पद्धत लोकप्रिय केली. मात्र हाताने घेतलेल्या छेदांची अचूकता मर्यादित होती आणि त्या छेदांमुळे पारपटल कायमचे दुबळे होत असे.

खरी क्रांती घडली ती एक्सायमर लेसरमुळे, आणि तिचे बरेचसे श्रेय मद्रास येथे जन्मलेल्या एका भारतीय शास्त्रज्ञाकडे जाते. अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या संशोधन केंद्रात काम करणारे रंगस्वामी श्रीनिवासन यांनी नोव्हेंबर १९८१ मध्ये ‘थँक्सगिव्हिंग’च्या मेजवानीतून उरलेला टर्की पक्ष्याचा तुकडा प्रयोगशाळेत नेला व त्यावर या लेसरचा झोत सोडला. आजूबाजूचा भाग न भाजता, न करपता तुकड्यावर अत्यंत स्वच्छ छेद उमटला. १९३ नॅनोमीटर तरंगलांबीचे हे अतिनील किरण उष्णतेने जाळत नाहीत, तर रेणूंमधील बंध तोडून पेशीजालाचा अतिसूक्ष्म थर अलगद काढून टाकतात. लेसरच्या एका स्पंदनात पारपटलाचा जेमतेम पाव मायक्रॉन थर निघतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे लक्षात घेतले म्हणजे या अचूकतेची कल्पना येते.

१९८३ मध्ये श्रीनिवासन आणि नेत्रतज्ज्ञ स्टीफन ट्रोकेल यांनी पारपटलावरील प्रयोगांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. १९८८ मध्ये अमेरिकेत डॉ. मार्गेरिट मॅकडोनाल्ड यांनी दृष्टी असलेल्या डोळ्यावर या लेसरने पहिली शस्त्रक्रिया केली. त्याच सुमारास ग्रीसमधील डॉ. योआनिस पालिकारिस यांनी पापुद्रा उचलून लेसर देण्याची पद्धत विकसित केली. तीच आज ‘लेसिक’ या नावाने घरोघरी ठाऊक आहे.

तीन प्रमुख पद्धती

‘पीआरके’ या पद्धतीत पारपटलावरील सर्वांत वरची नाजूक त्वचा दूर करून थेट लेसर दिला जातो. ही त्वचा तीन-चार दिवसांत पुन्हा येते. तोपर्यंत डोळे दुखतात, पाणी येते आणि नजर पूर्ण स्थिरावण्यास काही आठवडे लागतात. पारपटल तुलनेने पातळ असणाऱ्यांना, तसेच डोळ्याला मार लागण्याची शक्यता असलेल्या खेळाडूंना अनेकदा ही पद्धत सुचवली जाते.

‘लेसिक’मध्ये सूक्ष्म पात्याने किंवा फेमटोसेकंद लेसरने पारपटलाचा एक पातळ पापुद्रा, पुस्तकाचे पान उलटावे तसा, बाजूला केला जातो. आतील थराला लेसरने आकार देऊन पापुद्रा पुन्हा जागेवर बसवतात. वेदना कमी होतात आणि बहुतेकांना दुसऱ्याच दिवशी चांगले दिसू लागते. मात्र हा पापुद्रा पूर्वीइतका घट्ट कधीच जुळत नाही. जोराचा मार लागल्यास तो पुढेही सरकू शकतो.

‘स्माइल’ या पद्धतीत पापुद्रा करावा लागत नाही. लेसरने पारपटलाच्या आत एक पातळ चकती कापली जाते व दोन ते चार मिलिमीटरच्या छेदातून ती बाहेर काढतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये या पद्धतीला मान्यता दिली.

यातील अमुक पद्धत नवी म्हणून ती सर्वांनाच चांगली, असे मात्र नाही. पद्धतीची निवड जाहिरातीवरून नव्हे, तर तपासणीवरून व्हावी.

मायक्रॉनचा हिशेब

पारपटलाची मध्यभागी सरासरी जाडी सुमारे ५४० मायक्रॉन असते. एक नंबर कमी करण्यासाठी ढोबळमानाने १२ ते १५ मायक्रॉन थर काढावा लागतो. लेसिकच्या पापुद्र्याची जाडी सुमारे ११० मायक्रॉन धरू. पापुद्रा परत बसवला तरी तो डोळ्याला फारसा आधार देत नाही. त्यामुळे त्याखाली किमान २५० मायक्रॉन जाडी शिल्लक राहिली पाहिजे, हा मान्य संकेत आहे. अनेक तज्ज्ञ ३०० मायक्रॉनचा आग्रह धरतात.

आता दोन उदाहरणे पाहू. एका तरुणीच्या पारपटलाची जाडी ५४० मायक्रॉन असून नंबर उणे ५ आहे. तिचा नंबर घालवताना अधिकात अधिक ७५ मायक्रॉन खर्ची पडतील. पापुद्र्याचे ११० वजा केले तरी ३५५ मायक्रॉन उरतात. दुसऱ्या तरुणीची जाडी ४८० आणि नंबर उणे ८. येथे १२० अधिक ११० वजा जाता जेमतेम २५० उरतात. वय सारखे, इच्छा सारखी, देऊ केलेली रक्कमही सारखी; तरीही पहिलीला होकार आणि दुसरीला लेसिकसाठी नकार मिळणे हेच योग्य वैद्यकशास्त्र होय.

हा हिशेब दुर्लक्षिला तर पारपटल दुबळे होऊन डोळ्यातील दाबामुळे पुढे फुगू लागते. याला ‘एक्टेशिया’ म्हणतात. ही गुंतागुंत विरळा असली तरी गंभीर आहे. ती महिन्यांनी किंवा वर्षांनीही उद्भवू शकते आणि मग साध्या चष्म्यानेही स्पष्ट दिसेनासे होते.

नकार कोणाला?

केवळ जाडी पुरेशी असणे म्हणजे सर्व काही नव्हे. काहींचे पारपटल मुळातच दुबळे असते आणि हळूहळू शंकूच्या आकाराचे होत जाते. केरॅटोकोनस नावाचा हा विकार बहुधा किशोरवयात किंवा विशीत सुरू होतो. डोळे सतत चोळण्याची सवय आणि अॅलर्जी यांच्याशी त्याचा संबंध आढळतो. सुरुवातीला त्याची लक्षणे जाणवत नाहीत; केवळ नंबर, विशेषतः सिलिंड्रिकल नंबर, वारंवार बदलतो. अशा डोळ्यावर लेसिक केल्यास विकार बळावतो. म्हणूनच पारपटलाच्या पुढील व मागील पृष्ठभागाचा संगणकीय नकाशा काढणे अनिवार्य मानले जाते. येथे एक दिलासाही आहे. हा विकार वेळीच लक्षात आला तर ‘क्रॉस-लिंकिंग’ या उपचाराने, म्हणजे ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब व अतिनील किरण यांच्या साहाय्याने, बहुतेकांच्या बाबतीत तो थोपवता येतो. लेसर करून घ्यायला आलेल्या रुग्णाला मिळालेला नकार त्याची दृष्टी वाचवणारा ठरू शकतो, तो असा.

याखेरीज वय १८ वर्षांपेक्षा कमी असल्यास, गेल्या वर्षभरात नंबर अर्ध्याहून अधिक बदलला असल्यास, गर्भारपणात आणि स्तनपानाच्या काळात ही शस्त्रक्रिया टाळावी. डोळ्यांचा तीव्र कोरडेपणा, अनियंत्रित मधुमेह, ऱ्हुमॅटॉइड संधिवातासारखे प्रतिकारशक्तीचे विकार, पारपटलावर पूर्वी झालेला नागिणीचा संसर्ग किंवा मुरुमांसाठी चालू असलेली आयसोट्रेटिनॉइनसारखी औषधे, यांची माहिती डॉक्टरांपासून लपवू नये.

तपासणीपूर्वी कॉन्टॅक्ट लेन्स वापरणे बंद ठेवणेही तितकेच महत्त्वाचे आहे. लेन्सच्या दाबामुळे पारपटलाचा आकार तात्पुरता बदलतो व मोजमापे चुकतात. साधी मऊ लेन्स दोन आठवडे, तर अर्धकठीण लेन्स किमान तीन आठवडे आधी बंद करावी. ‘आज तपासणी, उद्या शस्त्रक्रिया, परवा साखरपुडा’ असा घाईचा बेत कोणी करू नये, तो यासाठीच.

शस्त्रक्रियेचा दिवस आणि नंतर

प्रत्यक्ष शस्त्रक्रिया थेंबांनी डोळा बधिर करून केली जाते. इंजेक्शन अथवा टाके लागत नाहीत. लेसरचा झोत बहुधा मिनिटभराहून कमी काळ चालतो. डोळा किंचित हलला तरी यंत्र त्याचा मागोवा घेते. त्या दिवशी डोळ्यांत खुपते, पाणी येते, उजेड सहन होत नाही.

पुढील काही आठवडे पथ्य पाळावे लागते. डोळे चोळू नयेत, काही दिवस डोळ्यांत पाणी जाऊ देऊ नये, काजळ व सौंदर्यप्रसाधने टाळावीत आणि पोहणे बंद ठेवावे. विसर्जन मिरवणुकीतील गुलाल आणि धुळवडीचे रंग यांपासून दूर राहता येईल असाच काळ निवडावा. डोळे कोरडे पडणे ही सर्वाधिक आढळणारी तक्रार. वातानुकूलित कार्यालयात दिवसभर संगणकासमोर बसणाऱ्यांना ती अधिक जाणवते आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब काही महिने वापरावे लागतात. रात्री दिव्यांभोवती वलये दिसणे किंवा समोरच्या वाहनाच्या प्रकाशाने डोळे दिपणे हाही त्रास होतो. बहुतेकांच्या बाबतीत तो कालांतराने कमी होतो; काही थोड्यांना मात्र तो कायम राहतो. रात्री वाहन चालवण्यावर ज्यांची उपजीविका आहे, त्यांनी याचा आधीच विचार करावा.

लेसरने काय बदलत नाही?

लेसरने चष्मा जातो, पण डोळा ‘बिननंबरी’ जन्मल्यासारखा होत नाही. मोठा मायनस नंबर असलेला नेत्रगोल शस्त्रक्रियेनंतरही तितकाच लांब राहतो. त्याचे दृष्टिपटल ताणलेले असते व ते फाटण्याचा किंवा सुटण्याचा धोका पूर्वीइतकाच असतो. चष्मा गेला म्हणून वार्षिक तपासणी सोडणे चुकीचे आहे. अचानक काळे ठिपके किंवा विजेसारखे लखलखाट दिसू लागल्यास त्वरित डॉक्टरांना गाठावे.

चाळिशीही चुकत नाही. चाळिशीनंतर डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची लवचीकता कमी होते आणि जवळचे वाचण्यासाठी चष्मा लागतो. अनेक मायनस नंबरवाले त्या वयात चष्मा काढून सुखाने वर्तमानपत्र वाचतात. लेसर करून घेतल्यावर ही सोय उरत नाही.

आणखी एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही. पुढे मोतिबिंदूची शस्त्रक्रिया करताना कृत्रिम भिंगाचा नंबर काढण्यासाठी मूळ पारपटलाची मोजमापे उपयोगी पडतात. तसेच पारपटल पातळ झाल्यामुळे डोळ्याचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी मोजला जातो आणि काचबिंदू नजरेतून सुटू शकतो. म्हणून लेसरपूर्वीचे सर्व अहवाल आयुष्यभर जपून ठेवावेत.

नोकरीसाठी लेसर करणाऱ्यांनी भरतीचे चालू नियम आधी वाचावेत. रेल्वेत इंजिन चालवण्यासारख्या पदांसाठी लेसर केलेला उमेदवार अपात्र ठरतो. नोकरीसाठी केलेली शस्त्रक्रियाच नोकरीच्या आड यावी, यासारखे दुर्दैव नाही.

इतर मार्ग

पारपटल पातळ असून नंबर मोठा असेल तर डोळ्यातील नैसर्गिक भिंग तसेच ठेवून त्यापुढे कृत्रिम लेन्स बसवता येते. तिचे निकष व धोके वेगळे आहेत. कॉन्टॅक्ट लेन्सही उत्तम पर्याय आहे. मात्र ती घालून झोपू नये, पोहू नये आणि नळाच्या पाण्याने ती कधीही धुऊ नये. आणि ज्यांचा डोळा शस्त्रक्रियेस योग्य नाही, त्यांच्यासाठी चष्मा हा आजही सर्वांत सुरक्षित सोबती आहे.

योग्य डोळ्यावर, योग्य तपासणीनंतर केलेली लेसर शस्त्रक्रिया बहुसंख्य रुग्णांना समाधान देते, यात शंका नाही. तरीही ही शस्त्रक्रिया निरोगी डोळ्यावर केली जाते आणि काढलेला थर पुन्हा बसवता येत नाही. म्हणून निर्णयापूर्वी डॉक्टरांना विचारावे : माझ्या पारपटलाची जाडी किती? शस्त्रक्रियेनंतर किती उरेल? नकाशात काही संशयास्पद आहे का? दृष्टिपटल तपासले का? या प्रश्नांना जे डॉक्टर शांतपणे, आकड्यांनिशी उत्तरे देतील आणि प्रसंगी ‘तुम्ही हे करू नका’ असे सांगतील, त्यांच्याच हाती आपले डोळे निर्धास्तपणे सोपवावेत.