चौलचे इटालियन पाहुणे: सोबत आणि सामान

पंधराव्या ते सतराव्या शतकांत चौल बंदराला भेट देऊन गेलेल्या युरोपीय प्रवाशांत इटलीतल्या शहरांची माणसं बरीच होती. त्यांच्याविषयी काही समज पक्के बसले आहेत. त्यातला सगळ्यात घट्ट समज असा, की हे प्रवासी एकटे, खांद्याला झोळी लावून हिंडत.

आधी एक सोपी गफलत दूर करायला हवी. रेवदंड्याच्या किल्ल्यातले भग्न चर्च पाहून जुन्या चौलमधला प्रत्येक गोरा माणूस पोर्तुगीज ठरवला जातो. पोर्तुगीजांनी चौलला 1516मध्ये वखार आणि 1521मध्ये किल्ला उभारायला सुरुवात केली, हे खरं. पण लुदोव्हिको दी व्हार्थेमा बोलोन्याचा होता आणि तो या वखारीच्या दहा-बारा वर्षं आधीच येऊन गेला. व्यापारी चेझारे फेदेरिची व्हेनिसचा, तर पिएत्रो देल्ला व्हाल्ले रोमचा. इटली हे एकसंध राज्य 1861मध्ये झालं. ही मंडळी स्वतःची ओळख शहरावरूनच सांगत.

मार्को पोलोही चौलला आला होता, असं कधी कधी ऐकायला मिळतं. त्याच्या ग्रंथात ठाण्याचं वर्णन आहे, चौलचा उल्लेख नाही. मात्र एकट्या प्रवाशाची कल्पना मोडून काढायला त्याचंच उदाहरण पुरेसं आहे: 1271मध्ये सतरा वर्षांचा मार्को निघाला तो वडील निकोलो आणि काका माफ्फेओ यांच्यासोबत, आणि 1295मध्ये तिघं मिळूनच परतले. व्हेनिसचाच निकोलो दे कोंती पंधराव्या शतकात बायकोमुलांसह हिंडला. परतीच्या वाटेवर इजिप्तमध्ये साथीत त्याची बायको आणि दोन मुलं दगावली. वेश बदलून फिरणारा व्हार्थेमाही भारतात एका पर्शियन व्यापाऱ्याच्या सोबतीनं हिंडला.

सामानाबाबतचा समज तर अगदीच फसवा आहे. देल्ला व्हाल्ले 1614मध्ये व्हेनिसहून निघाला. बगदादला त्यानं मानी या ख्रिस्ती तरुणीशी लग्न केलं. डिसेंबर 1621मध्ये होर्मुझजवळच्या मीनाब इथं ती तापानं गेली. तिला परक्या मातीत ठेवायचं नाही, या हट्टानं त्यानं कलेवरात कापूर भरून ते पेटीत घातलं आणि पुढचा सगळा प्रवास ती पेटी सोबत वागवली. जहाजावर प्रेत असणं खलाशांना अपशकुनाचं वाटे आणि जकात नाक्यावर तपासणी होई, म्हणून पेटी इतर सामानात दडवावी लागे. 1623मध्ये सुरतेहून दमणमार्गे पोर्तुगीज जहाजातून गोव्याला जाताना तो चौलला थांबला, तेव्हाही ती जहाजात होती. सोबत मारिउच्चा नावाची अनाथ जॉर्जियन मुलगी होती. गोव्यात तिची राहण्याची सोय एका पोर्तुगीज बाईंकडे करावी लागली, कारण विधुर पुरुषाच्या घरी परकी मुलगी राहणं तिथल्या समाजाला रुचणारं नव्हतं. 1626मध्ये तो रोमला पोचला. मानीचं दफन आराचेली चर्चमधल्या त्याच्या घराण्याच्या थडग्यात झालं. पुढे त्यानं मारिउच्चाशीच लग्न केलं.

देल्ला व्हाल्लेचं ओझं भावनेचं होतं, रशियन अफनासी निकितीनचं व्यापाराचं. तो इटालियन नव्हे, पण सामानाच्या विषयात त्याला वगळता येत नाही. 1470च्या आसपास, म्हणजे वास्को द गामाच्या बऱ्याच आधी, तो चौलला उतरला तो एक घोडा घेऊन. दख्खनमध्ये घोड्याला भाव येतो, असा त्याचा हिशेब. जुन्नरला तिथल्या सुभेदारानं घोडाच काढून घेतला आणि धर्म बदलण्याची अट घातली. एका खुरासानी माणसानं मध्यस्थी केल्यावर तो परत मिळाला. तोवर घोड्याचं खाणंपिणं चालूच होतं, आणि इथल्या घोड्यांना हरभरा आणि खिचडी देतात, हे त्यानं टिपून ठेवलं आहे. शेवटी घोडा बिदरला विकला गेला.

या प्रवाशांनी पाहिलेलं चौल म्हणजे आजचं एकच गाव, हाही घोटाळा होतो. फेदेरिचीनं दोन शहरं सांगितली आहेत: समुद्राकडचं पोर्तुगीजांचं आणि आतलं निजामशाहीचं. पोर्तुगीजांचं शहर म्हणजे आजचं रेवदंडा; आतलं म्हणजे वरचं चौल. 1740मध्ये पोर्तुगीजांचं ठाणंही मराठ्यांकडे आलं. इथल्या पिकांविषयी व्हार्थेमा आणि फेदेरिची या दोघांच्या नोंदी वाचण्यासारख्या आहेत. व्हार्थेमाच्या मते द्राक्षं, अक्रोड आणि चेस्टनट सोडले तर इथं सगळं मुबलक होतं. फेदेरिचीला भुरळ घातली ती माडानं: लाकडाचं जहाज, काथ्याचे दोर आणि भरायला पुन्हा नारळ, असं सारं एकाच झाडातून मिळतं, हे त्यानं नवलानं लिहिलं. चौल-रेवदंड्याच्या वाड्यांतून माड आजही तसेच दाटीनं उभे आहेत.