बारावा गडी

"मावशी, आईला सांगू नकोस हं."

भाचीच्या फोनची सुरुवात अशी झाली की माझ्या पोटात गोळा येतो. २०२४ च्या सप्टेंबरातली गोष्ट. ती अमेरिकेत, टेक्सासला एम.एस. करायला गेलेली. मला वाटलं, झालं, कुणीतरी आवडला असणार! तर बाईसाहेब म्हणतात, "इथली मुलं-मुली सुट्टीच्या दिवशी रानात जाऊन झाडं तोडतात. होळीसाठी. माझी रूममेट जाते. मीपण जाऊ का?"

नोव्हेंबरात होळी? आणि त्यासाठी इंजिनिअरिंगच्या पोरी हातात कुऱ्हाड घेऊन रानात? बरं, यात आईपासून लपवण्यासारखं काय आहे?

"ती होळी एकदा कोसळली होती. बारा जण गेले," ती हळूच म्हणाली.

मी तेव्हा हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पण त्या दिवसापासून तिच्या कॉलेजविषयी मिळेल ते वाचत सुटले. पुढे नोव्हेंबरात ताईबरोबर मलाही महिनाभर तिथे राहायचा योग आला, तेव्हा बरंचसं डोळ्यांनी बघितलं. मैत्रिणींनो, कॉलेजची एक टीम आणि तिच्याभोवती शंभर वर्षं जमत गेलेल्या चालीरीती, एवढाच हा विषय. पण मी त्यात फार गुंतत गेले.

टेक्सास ए अँड एम हे ते विद्यापीठ. १८७६ साली सुरू झालं. नावातला 'ए' शेतकीचा आणि 'एम' यंत्रविद्येचा. कॉलेजसाठी रेल्वेचं स्टेशन झालं आणि त्याभोवती जे गाव वसलं त्याचं नावच पडलं कॉलेज स्टेशन! शेतकऱ्यांच्या मुलांचं, लष्करी शिस्तीचं कॉलेज. इथल्या विद्यार्थ्यांना आजही 'ॲगी' म्हणतात.

आता त्यांचं फुटबॉल म्हणजे आपल्या पोरांचं पायाने खेळायचं फुटबॉल नव्हे. अंड्याच्या आकाराचा चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यांनी अंगावर झेप घालून आडवं पाडायचं. डोक्याला लोखंडी जाळीचं हेल्मेट, खांद्यावर जाडजूड गाद्या. अकरा-अकरा गडी. मला नियम शेवटपर्यंत कळले नाहीत, खोटं कशाला सांगू. या कॉलेजची टीम १८९४ पासून खेळते आहे. मैदानाची गोष्ट तर मला फारच आवडली. एडविन काइल नावाचे फळबागशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांच्या विभागाला शेतीसाठी जी जमीन मिळाली होती, तिच्यातला तुकडा कुंपण घालून त्यांनी मुलांना खेळायला दिला आणि पदरचे पैसे घालून शेजारच्या गावच्या जत्रेच्या मैदानातला प्रेक्षकांचा छपराचा कठडा विकत आणला. त्याच 'काइल फील्ड'वर आता एक लाख दोन हजारांच्या वर माणूस बसतो. बसतो म्हणजे, पाहुणे बसतात. विद्यार्थी बसत नाहीत.

का बसत नाहीत, तर त्याला कारण १९२२ सालचं. २ जानेवारीला डॅलसला सामना होता. समोर सेंटर कॉलेजची टीम, जिने त्याच मोसमात हार्वर्डला हरवलं होतं, म्हणजे तेव्हाची नावाजलेली. ॲगींचा एकेक गडी जखमी होऊन बाहेर यायला लागला. प्रशिक्षक होते डेना बायबल. त्यांना आठवलं की किंग गिल नावाचा मुलगा वर बसलेला आहे. हा गिल आधी टीममध्ये होता, पण बास्केटबॉलसाठी फुटबॉल सोडून दिलेलं. त्या दिवशी तो वार्ताहरांना गडी ओळखून द्यायला म्हणून वर बसला होता. त्याला खाली बोलावलं. कठड्याच्या आडोशाला एका जखमी गड्याचे कपडे उतरवून याने अंगावर चढवले आणि रेषेपाशी येऊन उभा राहिला. ॲगी २२-१४ ने जिंकले. आणि गिल? तो एक मिनिटही खेळला नाही. त्याला बोलवायची वेळच आली नाही. तो फक्त शेवटपर्यंत तयार उभा होता.

बस, एवढंच! चेंडूला हातही न लावलेल्या या मुलाचा पुतळा मैदानाशी उभा आहे. तो पुढे डॉक्टर झाला. त्याची आठवण म्हणून सगळे विद्यार्थी संपूर्ण सामनाभर उभे राहतात, साडेतीन-साडेतीन तास. आपण सगळेच बारावा गडी, लागलं तर आम्ही आहोत, असं ते सांगणं. १९८३ मध्ये जॅकी शेरिल या प्रशिक्षकांनी तर साध्या विद्यार्थ्यांमधून मुलं निवडून एक तुकडीच मैदानात उतरवली होती. आता एक जण १२ नंबरचा सदरा घालून खेळतो. मला वाटलं, हा बारावा गडी आपल्याला काही नवा नाही. लग्नघरात शेवटची पंगत उठेपर्यंत पदर खोचून दाराशी उभी असणारी एक काकू किंवा आत्या असतेच. फक्त तिचा पुतळा कुणी केला नाही.

सामन्याच्या आदल्या रात्री बारा वाजता मैदानावर हजारो मुलं जमून आरोळ्यांची तालीम करतात. नाचणाऱ्या मुली वगैरे इथे नाहीत. विद्यार्थ्यांनी मतं देऊन निवडलेले पाच 'येल लीडर' पांढऱ्या कपड्यांत उभे राहून हातांच्या खुणा करतात आणि त्यावर सगळी गर्दी एका सुरात ओरडते. त्यांचं युद्धगीत १९१८ साली जर्मनीत पहाऱ्यावर असलेल्या एका ॲगी सैनिकाने लिहिलं. टीमची लाडकी आहे रेव्हेली नावाची कुत्री. हो, कुत्रीच. १९३१ साली मुलांच्या गाडीखाली एक भटकी कुत्री आली. त्यांनी तिला उचलून खोलीवर आणलं. सकाळी उठवायचा बिगूल वाजला आणि ही भुंकायला लागली, म्हणून त्या बिगुलाचंच नाव हिला मिळालं. तेव्हापासून दहा झाल्या, सगळ्या माद्या. लष्करी तुकडीत तिचा हुद्दा सगळ्यात वरचा आणि पहिल्या वर्षाच्या पोरांनी तिला 'मॅडम' म्हणायचं! वारली की मैदानाच्या उत्तरेला पुरतात, फलकाकडे तोंड करून. नव्या बांधकामामुळे फलक दिसेना तेव्हा त्या थडग्यांसाठी वेगळा छोटा फलक लावला. मला हसूही आलं आणि डोळेही भरले.

गंमत बघा, कुत्रीला १९३१ मध्ये मान मिळाला, पण मुलींना या कॉलेजात प्रवेश मिळाला १९६३ साली. तोही मर्यादित. दुसऱ्या महायुद्धात नाव कमावलेले अर्ल रडर तेव्हा प्रमुख होते. त्यांनी तो निर्णय घेतला आणि लष्करी शिक्षणाची सक्तीही उठवली. जुने विद्यार्थी परंपरा बुडाली म्हणून खवळले होते. लष्करी तुकडीत मुली गेल्या १९७४ ला, बँडमध्ये १९८५ ला. आज भाचीच्या वर्गात मुली आहेत त्या एवढ्या वर्षांच्या रेटारेटीने. परंपरा बुडाली म्हणणाऱ्यांचं कॉलेज काही बुडालं नाही.

आता होळी.

ऑस्टिनची टेक्सास युनिव्हर्सिटी ही यांची जन्माची वैरीण. दोनेक तासांच्या वाटेवर. नोव्हेंबरच्या शेवटी तिच्याशी सामना, आणि त्याआधी तिला जाळायची इच्छा म्हणून मोठी आग पेटवायची. 'बॉनफायर'. १९०७ ला कॉलेजबाहेर सुरू झाली, १९०९ पासून आवारात. सुरुवातीला केरकचरा, खोकी, मिळेल ते लाकूड. आपल्याकडे होळीला कुणाचं फाटक, कुणाची मोडकी खाट पळवतात ना, अगदी तसंच. १९३५ ला तर पोरांनी एका शेतकऱ्याचं अख्खं लाकडी कोठारच पळवलं! तेव्हापासून रीतसर झाडं तोडून आणायची असं ठरलं. मग होळी वाढत गेली. ओंडके उभे रचायचे, त्यावर दुसरा थर, तिसरा थर. १९६९ मध्ये ती जवळजवळ एकशे दहा फूट झाली, जगातला विक्रम. नंतर विद्यापीठाने पंचावन्न फुटांची मर्यादा घातली. एकदाच, १९६३ मध्ये, राष्ट्राध्यक्ष केनेडींची हत्या झाली म्हणून रचलेली होळी न पेटवता उतरवली.

१८ नोव्हेंबर १९९९. पहाटेचे दोन वाजून बेचाळीस मिनिटं. सामना आठवड्यावर आलेला. पाच हजार ओंडक्यांच्या ढिगावर पन्नासहून जास्त मुलं काम करत होती आणि एकोणसाठ फुटांची ती रचना कोसळली. बारा जण गेले, सत्तावीस जखमी. गेलेल्यांत दोन मुली होत्या. अकरा विद्यार्थी आणि एक शिकून बाहेर पडलेला, पण होळीसाठी आलेला.

मोठी यंत्रं लावली तर ढीग हलून आतली मुलं चिरडतील, म्हणून ओंडके हातांनी उचलायचे ठरलं. तेव्हा फुटबॉलची टीम तिथे आली. ज्यांच्या सामन्यासाठी होळी, ती धिप्पाड पोरं लष्करी तुकडीच्या मुलांबरोबर ओंडके वाहत होती. हे वाचताना मला आमच्या गावातली एक आई आठवली. तिचा मुलगा दहीहंडीत वरच्या थरावरून पडला, तो अजून अंथरुणावर आहे. मंडळाच्या कामासाठी मी तिच्याकडे जाते. एकदा म्हणाली, "थर लावायला सगळे होते हो ताई, दवाखान्यात कोणी नव्हतं."

आठ दिवसांनी, २६ तारखेला सामना झाला. मध्यंतराला टेक्सास युनिव्हर्सिटीच्या, म्हणजे वैऱ्याच्या बँडने शोकाचे सूर वाजवले आणि जाताना डोक्यावरच्या टोप्या काढल्या. ॲगी २०-१६ ने जिंकले.

मग चौकशी समिती बसली. मे २००० मध्ये अहवाल आला. दुसऱ्या थरातले ओंडके पहिल्या थरात पाचरीसारखे ठोकून बसवल्याने आतून ताण आला, आणि आधीच्या काही वर्षांत पहिल्या थराला जी पोलादी तार आवळत, ती त्या वर्षी आवळलीच नव्हती. पण मला त्याहून महत्त्वाचं वाटलं ते पुढचं. एवढी मोठी रचना, पण तिचा रीतसर आराखडा नाही, तपासणी नाही. मोठ्या मुलांनी धाकट्यांना तोंडी शिकवायचं आणि दर वर्षी जरासा बदल होत जायचा. देशातल्या नावाजलेल्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या आवारात! कुणाला विचारावंसंच वाटलं नाही, कारण ती परंपरा होती. आयांना तरी कुठे माहीत होतं की पोर रात्री दोनला ढिगावर चढलंय.

विद्यापीठाने आवारातली होळी बंद केली. कोर्टकचेऱ्या चालू राहिल्या त्या २००८ पर्यंत. तेव्हा एकवीस लाख डॉलरची तडजोड झाली. बाहेर मात्र २००२ पासून मुलांनीच आपली वेगळी होळी सुरू केली. विद्यापीठाचा तिच्याशी संबंध नाही. तिथे प्रत्येक ओंडका जमिनीवर टेकलेलाच पाहिजे, थरावर थर नाही. भाची विचारत होती ती हीच. २०११ नंतर दोन्ही टीम वेगवेगळ्या गटांत गेल्याने सामना बंद पडला होता, तो २०२४ ला परत सुरू व्हायचा म्हणून आवारातही होळी पुन्हा आणा अशी मागणी झाली. एका समितीने कंत्राटदाराकडून बांधून घ्यायचं सुचवलं. तेव्हाचे प्रमुख मार्क वेल्श यांनी जूनमध्ये नाही म्हणून सांगितलं.

ताईला अखेर सगळं सांगावंच लागलं. ती चिडली. मुलीवर कमी, माझ्यावर जास्त. दोन दिवस घरात तिघी गप्प. मग भाचीनेच आम्हाला त्या जागी नेलं. २००४ साली तिथे स्मारक झालंय. आधी दगडांची ओळ लागते, होळी झाली त्या प्रत्येक वर्षाचा एक दगड. १९६३ च्या जागी मोकळं. पुढे मोठं दगडी कडं आहे. जखमी झालेल्यांचे सत्तावीस दगड आणि त्यांच्यामध्ये बारा उंच दारं. प्रत्येक दार त्या मुलाच्या किंवा मुलीच्या गावाच्या दिशेला तोंड करून. दारात उभं राहिलं की आतल्या बाजूला त्याचा चेहरा आणि मजकूर दिसतो, आणि मोकळ्या चौकटीत त्याच्या जागी आपण उभे असतो. पंचविसावं वर्षश्राद्ध नुकतंच होऊन गेलेलं, फुलं तशीच होती.

ताई एका दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आपलं घर कुठल्या बाजूला येतं गं?" भाचीने मोबाइल काढला, दिशा बघितली, हात केला. ताई त्या दिशेला बराच वेळ बघत राहिली. तिकडे नुसती गाड्यांची रांग होती.

सामन्याच्या तिकिटांचे दर ऐकूनच आम्ही टीव्हीसमोर बसलो. ३० नोव्हेंबरला ॲगी १७-७ ने हरले. भाची मैदानात होती, साडेतीन तास उभी. रात्री पाय सुजवून आली आणि गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली. घसा बसलेला. "झाडं तोडायला मी गेले नाही," ती ताईला म्हणाली, "पण पुढच्या वर्षी पेटवताना बघायला जाणार."

ताईने बादलीत मीठ टाकलं. "लांबून बघ," म्हणाली.