सीट बसली की कंबरही बसते

दादर स्टेशनच्या पश्चिमेला पहाटे चारच्या सुमारास गेले की फुलबाजार पूर्ण जागा झालेला असतो. नाशिक, पुणे, वसईच्या बाजूने आलेले टेम्पो आणि पिकअप सेनापती बापट मार्गाच्या कडेला लागलेले असतात. झेंडू, शेवंती, मोगऱ्याच्या पाट्या भराभर उतरत असतात. या गर्दीत आम्ही मुद्दाम फुलांकडे न बघता ड्रायव्हरकडे बघितले. दार उघडल्यावर बरेच जण लगेच उतरत नाहीत. आधी एक पाय खाली सोडतात, दाराला धरतात, एक हात कमरेवर ठेवतात आणि मग हळूहळू सरळ होतात.

त्यातल्या एका दादांना आम्ही त्यांची सीट दाखवायला सांगितली. ते हसले. म्हणाले, "गाडी बारा वर्षांची आहे. इंजिनचं काम झालं, टायर तीनदा बदलले. सीटला कोण बघतं?" सीटवर घडी घातलेले गोणपाट होते, त्यावर जुनी सतरंजी. दोन्ही बाजूला सारल्यावर खरी सीट दिसली. उजव्या कडेचा फोम पार चेपून भुगा झालेला, रेक्झिन फाटलेले आणि एका स्प्रिंगचे टोक वर आलेले. या सीटवर ते रोज आठ-दहा तास बसतात. दोन वर्षांपासून कंबर दुखते, उजव्या पायाला मुंग्या येतात. मेडिकलमधून आणलेली गोळी हा त्यांचा उपाय.

आपल्या वस्त्यांमध्ये टेम्पो, पिकअप, टॅक्सी चालवणाऱ्यांची घरे पुष्कळ आहेत. म्हणून यावेळचे आरोग्याचे पान आम्ही ड्रायव्हरच्या सीटला दिले आहे.

शरीराला नेमके काय होते?

बसल्यावर धडाचे सगळे वजन बैठकीच्या हाडांवर आणि कमरेच्या मणक्यांवर येते. पाठीला मागून आधार असेल आणि कमरेची नैसर्गिक कमान टिकली असेल, तर मणक्यांमधल्या चकत्यांवरचा दाब कमी राहतो. सीट खोलगट झाली की ढुंगण खाली जाते, गुडघे वर येतात, कमरेची कमान मोडून पाठ बाहेर येते. मग चकतीचा पुढचा भाग दाबला जातो आणि मागच्या भागावर ताण येतो. नसा त्याच बाजूला असतात.

दुसरी गोष्ट हादऱ्यांची. बसलेल्या माणसाचा कणा सेकंदाला साधारण चार ते सहा वेळा होणाऱ्या हेलकाव्यांना सर्वांत जास्त साथ देतो. म्हणजे खालून तेवढ्या गतीचा हादरा आला की तो अंगात शिरताना कमी होत नाही, उलट वाढतो. पाट्याच्या कमानीवर चालणारी, खडबडीत रस्त्यावरची गाडी याच प्रकारचे हादरे देते. माल भरलेला असताना गाडी दबून चालते. परतीला रिकामी गाडी जास्त उडते, आणि ड्रायव्हरची कंबर परतीच्या वाटेवर जास्त धरते, ती त्यामुळेच.

या हादऱ्यांना जगात कामाचा धोका म्हणून मोजले जाते. युरोपीय संघाने २००२ साली त्यासाठी नियम केला. आठ तासांच्या कामात कंपनाची मात्रा ०.५ मीटर प्रति सेकंद वर्ग यापुढे गेली की मालकाने उपाय सुरू करायचे, आणि १.१५ च्या पुढे कामगाराला जाऊच द्यायचे नाही. म्हणजे तिथे खराब सीट ही ड्रायव्हरची खासगी कुरकुर राहत नाही, मालकाची जबाबदारी होते.

पाच मिनिटांची तपासणी

गाडी बंद करून सपाट जागेवर उभी करा आणि पुढील गोष्टी बघा.

१. सीटच्या दोन कडांवर सरळ काठी किंवा पट्टी आडवी ठेवा. मधला खड्डा किती खोल आहे ते टेपने मोजा. मग तेच माप क्लीनरच्या बाजूच्या सीटवर घ्या. ती कमी वापरलेली असते, त्यामुळे फरक लगेच कळतो.

२. मुठीने सीट जोरात दाबा. खालचा पत्रा, सळई किंवा स्प्रिंग हाताला लागली तर फोम संपला आहे.

३. उजवी आणि डावी कड दाबून बघा. आपल्याकडे ड्रायव्हर उजव्या दारातून चढ-उतार करतो, त्यामुळे उजवी कड आधी मोडते. मग कमरेचे हाड दिवसभर एका बाजूला कललेले राहते.

४. सीट दोन्ही हातांनी धरून पुढे-मागे जोरात हलवा. रेल 'खट खट' करत असेल किंवा लॉक सुटत असेल तर ते दुखण्याच्याही पुढचे आहे. ब्रेक मारताना सीट सरकली तर पाय पेडलवरून सुटू शकतो.

५. खाली बॅटरीचा उजेड टाका. सांगाड्याला तडा, सुटलेली वेल्डिंग, गंजलेले बोल्ट दिसतात का ते पाहा.

दुरुस्ती कशी करून घ्यावी

सांगाडा आणि रेल धड असतील तर नवी सीट घेण्याची गरज नाही. कुशनचे काम करणारा कारागीर एका दिवसात काम करून देतो. पण त्याच्यासमोर उभे राहून करून घ्या. सीट खोलण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, म्हणजे कोणती स्प्रिंग कुठे अडकवली होती यावर वाद होत नाही.

आधी स्प्रिंगा बघायच्या. तुटलेली बदलायची, निसटलेली पुन्हा अडकवायची. स्प्रिंग आणि फोम यांच्यामध्ये जाड किंतान किंवा कॅनव्हासचा थर हवाच. तो नसेल तर तार फोमला कापत जाते आणि वर्षाच्या आत पहिले पाढे पंचावन्न.

फोम निवडताना बहुतेक जण चुकतात. बोटाने दाबल्यावर मऊ लागणारा, झोपायच्या गादीचा फोम भरून घेतात. पहिले आठ दिवस राजेशाही वाटते. पण फार मऊ फोम कमी गतीचे हेलकावे शोषत नाही, माणसाला वर-खाली झुलवतो आणि लवकर चेपतो. खाली घट्ट, जास्त घनतेचा फोम आणि वर मऊ फोमचा पातळ थर, अशी रचना सांगा. ४० घनतेचा फोम खालच्या थराला मागून बघा. दोन्ही कडा किंचित उंच ठेवायला सांगा आणि पाठीच्या भागात कमरेच्या उंचीवर थोडा फुगवटा ठेवून घ्या.

उंचीकडे लक्ष द्या. फोम जास्त भरला तर मांड्या स्टिअरिंगला लागतात, डोके छताजवळ जाते आणि क्लच पूर्ण दाबायला पाय पुरत नाही. क्लीनरच्या सीटचे घेतलेले माप इथे कामाला येते. सीट बसवल्यावर क्लच पूर्ण दाबून बघा. गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे आणि पाठ टेकलेली राहिली पाहिजे.

टाटा एस म्हणजे आपला 'छोटा हत्ती' २००५ साली आला. त्याचे इंजिन सीटखालीच असते. अशा गाडीत सीटखालचा उष्णता अडवणारा थर काढून टाकू देऊ नका. तेलकट चिंध्या तिथे कोंबून ठेवू नका. इंजिन बघण्यासाठी उचललेली सीट परत बसवल्यावर तिचे कुलूप नीट लागले आहे ना, ते प्रत्येक वेळी पाहा.

बदलायचीच असेल तर

सांगाड्याला तडा गेला असेल, रेलचे दात झिजले असतील किंवा पाठीचा भाग मागे कोसळत असेल तर सीट बदला. मुंबईत जुन्या सुट्या भागांसाठी लोक कुर्ल्याला जातात. तिथे सीट घेताना आपल्याच मॉडेलची घ्या, बोल्टची भोके तंतोतंत जुळली पाहिजेत. "भोक पाडून बसवतो" किंवा "जोड मारून देतो" असे कोणी म्हणाले तर नको म्हणा. जमिनीवर ठेवून चारही पाय टेकतात का बघा. एक पाय अधांतरी राहिला तर सांगाडा वाकलेला आहे, बहुधा अपघाताच्या गाडीचा. सीट बेल्टचे बकल जुन्या सीटला जोडलेले असेल तर नव्या सीटवर त्याची जागा आहे का, हे पैसे देण्याआधी बघा.

गोणपाट, उशी, टायरची ट्यूब हे उपाय चार दिवसांचे. त्यांनी खड्डा झाकतो, आधार मिळत नाही. शिवाय उशी ब्रेकच्या वेळी सरकते.

पैसे कोणी द्यायचे?

गाडी स्वतःची असेल तर हिशेब सोपा आहे. कंबर धरून आठवडा घरी बसल्यावर किती भाडी बुडतात ते मोजा आणि कुशनवाल्याचा भाव त्याच्याशेजारी लिहा. गाडी शेठची असेल तर बोलणे अवघड जाते, हे आम्ही जाणतो. "सीटवाचून गाडी अडली नाही ना?" असा प्रश्न येतो. त्यावर तपासणीत घेतलेली मापे आणि फोटो दाखवा. व्यावसायिक गाडीला आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस करावे लागते. त्या कामासाठी गाडी उभी राहते तेव्हाच सीटचे काम धरा, म्हणजे वेगळा खाडा पडत नाही. एकट्याने मागण्यापेक्षा एका मालकाच्या चार ड्रायव्हरांनी मिळून मागितले तर बोलण्याला वजन येते.

बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खाते सांभाळत होते, तेव्हापासून कामाचे तास आणि विश्रांती या गोष्टी आपल्या घराघरांत बोलल्या गेल्या आहेत. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने सलग पाच तासांच्या कामानंतर निदान अर्धा तास विश्रांती सांगितली. मालकाकडे धड सीट मागणे हे त्याच हक्काच्या वाटेवरचे आहे.

सीटसोबत शरीरही

चांगली सीट मिळाली तरी शरीर सलग पाच तास एका जागी ठेवायचे नसते. दोन तासांनी गाडी लावा, खाली उतरा, थोडे चाला. मागच्या खिशातले पाकीट काढून ठेवा, त्याने कंबर एका बाजूला उचलली जाते. टायरमधली हवा जास्त ठेवू नका आणि शॉकअब्सॉर्बर गळत असतील तर बदला.

फुलबाजारात आम्हाला सर्वांत जास्त खटकलेली गोष्ट म्हणजे चार-पाच तास गाडी चालवून आलेला माणूस उतरल्या उतरल्या पाट्या उचलायला लागतो. बराच वेळ बसून आणि हादरे खाऊन कमरेचे स्नायू आणि बंध सैल झालेले असतात. अशा वेळी वाकून वजन उचलले की चमक भरते. आधी पाच-दहा मिनिटे चाला, चहा उभ्याने घ्या, मग हात लावा.

पाय बधिर पडणे, पाऊल उचलताना लुळे वाटणे किंवा दुखणे दीड महिन्याहून अधिक टिकणे, यांपैकी काही असेल तर गोळ्यांवर दिवस काढू नका. परळचे केईएम आणि शीवचे लोकमान्य टिळक रुग्णालय दादरहून जवळ आहेत. हाजी अलीला १९५५ साली सुरू झालेली शारीरिक पुनर्वसनाची राष्ट्रीय संस्था आहे. लघवी अडकणे, लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, मांड्यांच्या मध्ये बधिरपणा येणे ही तातडीची लक्षणे आहेत. तेव्हा त्याच दिवशी, त्याच तासाला रुग्णालय गाठा. उशीर झाला तर नस कायमची जाऊ शकते.

निघताना त्या दादांनी गोणपाट परत सीटवर टाकले, कारण त्यांना दहा वाजेपर्यंत परतायचे होते. पण खड्ड्याचे माप त्यांनी आमच्याकडून लिहून घेतले. तुमच्या घरात कोणी गाडी चालवत असेल तर आज रात्री गाडी लागल्यावर टेप घेऊन खाली जा. सीट स्वतः बघा.